एकाच ‘एम’चे तीन अर्थ: इंग्रजी मॅन्युअलमधल्या वेळेच्या एककांचे प्रकरण

प्रकरण एका पंपाच्या इंग्रजी मॅन्युअलचे आहे. पाणी गाळण्याची यंत्रणा, तिला पाणी पुरवणारा पंप आणि दोघांवर देखरेख ठेवणारा छोटा कंट्रोलर असा तो संच होता. मजकूर तीन ठिकाणांहून आला. यंत्राचा भाग डिझाइन करणाऱ्यांनी लिहिला होता, कंट्रोलरचा प्रोग्रामरांनी, आणि देखभालीचे तक्ते सर्व्हिस विभागाने. तिन्हींचे मिळून एक पुस्तक करणे हे माझे काम होते. प्रत्येक भाग आपापल्या जागी नीटनेटका होता. घोळ होता तो वेळेच्या एककांत, आणि तिन्ही भाग शेजारी ठेवल्याशिवाय तो दिसत नव्हता.

वाचण्याच्या सोयीसाठी एक सांगतो. इंग्रजी संक्षेप इथे अक्षरांच्या नावांनी लिहिले आहेत. अक्षर कॅपिटल असेल तिथे तसे म्हटले आहे. बाकी सगळी स्मॉल समजावीत.

छपाईआधी मसुद्याची वाचन-चाचणी झाली. ज्याने यंत्र कधी पाहिलेले नाही अशा टेक्निशियनच्या हातात मसुदा द्यायचा, काम सांगायचे आणि तो कुठे अडतो ते पाहायचे. तो अडला एका साध्या ओळीवर. तिचा आशय असा: पंप ‘३ एम’पेक्षा जास्त काळ बंद असेल, तर सुरू करण्याआधी केसिंगमधले, म्हणजे पंपाच्या कवचातले, पाणी काढून टाका. त्याने विचारले, “तीन मिनिटं बंद राहिला तरी पाणी काढायचं?”

लिहिणाऱ्याला तीन महिने म्हणायचे होते. पाणी महिनोन्‌महिने साचून राहिले की सीलची, म्हणजे फिरत्या दांड्यापाशी पाणी गळू न देणाऱ्या भागाची, तोंडे चिकटतात, आत गाळ धरतो, म्हणून ती सूचना. पण टेक्निशियनने लावलेला अर्थ त्याने मनाने काढलेला नव्हता. आधीच्या प्रकरणात लिहिले होते की पंप कोरडा चालू लागला तर ‘३ एम’नंतर मोटर आपोआप थांबते, आणि तिथे ‘एम’ म्हणजे मिनिटेच होती. त्याही आधी, तांत्रिक माहितीच्या पानावर, पंप जास्तीत जास्त ‘३ एम’ खोलीवरून पाणी ओढू शकतो असे होते, ते मीटर. एकाच पुस्तकात तोच आकडा, तेच अक्षर आणि तीन अर्थ. पुस्तक कसे वाचायचे हे वाचक त्या पुस्तकाकडूनच शिकत जातो, आणि आमचे पुस्तक त्याला पानापानावर वेगळे शिकवत होते.

या चुकीचा परिणाम काय झाला असता? दर छोट्या थांब्यानंतर कोणी ड्रेन प्लग उघडला असता, पंपाचे प्रायमिंग, म्हणजे पाणी ओढता यावे म्हणून आत भरून ठेवलेले पाणी, गेले असते, आणि पुन्हा पाणी न भरता चालू केला असता तर सील कोरडे घासले गेले असते. म्हणजे सील वाचवण्यासाठी लिहिलेल्या सूचनेनेच सील गेले असते. उलट बाजूची गफलत मात्र कोणी केली नसती. ‘कोरडा चालल्यास तीन महिन्यांनी मोटर थांबते’ असा अर्थ कोणीही लावणार नाही. म्हणून संक्षेप तपासताना मी एकच प्रश्न विचारू लागलो: याचा चुकीचा अर्थ पटण्यासारखा आहे का? विसंगत अर्थापाशी वाचक थांबतो आणि विचारतो. पटणाऱ्या अर्थापाशी तो थांबत नाही, हातात पाना घेतो.

चिन्ह आणि संक्षेप

मग मसुद्यातल्या वेळेच्या सगळ्या नोंदी एकत्र काढल्या. तासासाठी एच, एचआर, एचआरएस, पुढे टिंब असलेला एचआर आणि कॅपिटल एच. मिनिटासाठी एम, एमआयएन, अनेकवचनी एमआयएनएस, कॅपिटल एम. सेकंदासाठी एस, एसईसी, एसईसीएस, कॅपिटल एस. महिन्यासाठी एम, कॅपिटल एम, एमओ, एमटीएच. पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तोच आला: प्रत्येकासाठी एक रूप निवडू आणि सगळीकडे तेच लावू. पण एकसारखेपणा पुरेसा नाही. सगळीकडे ‘एम’ म्हणजे महिना असे ठरवले असते तर पुस्तक एकसारखे झाले असते आणि मीटरशी टक्कर तशीच राहिली असती.

आधार शोधायचा तर तो आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत, म्हणजे एसआयमध्ये आहे. तिची अधिकृत पुस्तिका आंतरराष्ट्रीय वजने व मापे ब्युरो काढतो. नववी आवृत्ती २०१९ ची. तिच्यात वेळेचे मूळ एकक सेकंद, आणि त्याचे चिन्ह स्मॉल एस. सीझियम-१३३ अणूच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून आहे. मिनिट, तास आणि दिवस ही एसआयची एकके नव्हेत, पण एसआयसोबत वापरायला मान्य आहेत. त्यांची चिन्हे एमआयएन, एच आणि डी. आठवडा, महिना आणि वर्ष त्या तक्त्यात नाहीतच.

पुस्तिकेत एक भेद ठळकपणे पाळलेला आहे, आणि आमच्या बैठकीत त्यावरच सर्वांत जास्त बोलणे झाले. एस, एमआयएन, एच ही चिन्हे आहेत, शब्दांची छाटलेली रूपे नाहीत. गणितातल्या अधिकच्या खुणेला जसे अनेकवचन नसते, तसे यांनाही नसते. म्हणून पाच तासांसाठीही ‘५ एच’च, पुढे अनेकवचनाचा एस नाही. चिन्हानंतर टिंब नाही. ते वाक्याच्या शेवटी आले तर वाक्याचे टिंब येईल तेवढेच. आकडा आणि चिन्ह यांच्यामध्ये एक रिकामी जागा, आणि ती अशी की ओळ तुटून आकडा एका ओळीत व चिन्ह दुसऱ्या ओळीत जाणार नाही. एसईसी हे रूप तर पुस्तिकेने नाव घेऊन अमान्य केले आहे.

विशेषण म्हणून वापरतानाही फरक पडतो. ‘पाच मिनिटांचा थांबा’ इंग्रजीत शब्दात लिहिला तर आकडा आणि मिनिट यांच्यामध्ये जोडरेघ येते आणि मिनिट एकवचनात राहते. तेच चिन्हाने लिहिले तर जोडरेघ नाही, नेहमीचीच मोकळी जागा. शब्दाला इंग्रजी व्याकरणाचे नियम लागतात, चिन्हाला लागत नाहीत.

मोठ्या अक्षरांनी केलेला घोटाळा

दुसरा मोठा दोष कोणी लिहिलेलाच नव्हता. तो मांडणीतून आला होता. तक्त्यांची शीर्षके आपोआप कॅपिटलमध्ये जातील अशी व्यवस्था डिझाइनच्या साच्यात होती. दिसायला ठसठशीत. पण त्याने सेकंदाचा स्मॉल एस कॅपिटल झाला, आणि कॅपिटल एस हे सिमेन्सचे, म्हणजे विद्युतवाहकतेच्या एककाचे चिन्ह आहे. एरवी कदाचित खपून गेले असते. इथे मात्र पाण्याची शुद्धता मोजणारा सेन्सर होता आणि त्याची मापे मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये होती. सेन्सरचा प्रतिसादकाळ सेकंदात, त्याचे माप सिमेन्समध्ये, आणि शेजारशेजारच्या दोन रकान्यांत दोन्हींसाठी एकच कॅपिटल एस. तासाचा एच कॅपिटल झाला की हेन्रीचे, म्हणजे विद्युत प्रेरकतेच्या एककाचे, चिन्ह होतो. मिलिसेकंदाचा पहिला एम कॅपिटल झाला तर मेगासेकंद, म्हणजे दहा लाख सेकंद, साधारण साडेअकरा दिवस.

उपाय सोपा होता, पण तो साच्यात करावा लागला. शीर्षकातले शब्द कॅपिटलमध्ये जाऊ द्यायचे, कंसातले एकक मात्र त्या नियमातून वगळायचे. एककाचे अक्षर लहान की मोठे हे सजावटीवर सोडता येत नाही, ते एककाचा भागच असते.

याच्या जवळचाच एक घोळ एमआयएनचा. इंग्रजीत तेच रूप ‘किमान’साठीही चालते. देखभालीच्या तक्त्यात एक नोंद अशी होती की धुण्याची वेळ ‘एमआयएन ५ एमआयएन’. अर्थ कळतो, पण दोनदा वाचावे लागते. दुसऱ्या ओळीत नुसते ‘एमआयएन ५’ उरले होते, आणि तिथे किमान पाच काय, की पाच मिनिटे, हे ओळीवरून ठरवता येत नव्हते. आम्ही किमान आणि कमाल यांचे संक्षेप पुस्तकातून काढून टाकले आणि ‘कमीत कमी’ अशा अर्थाचे पूर्ण इंग्रजी शब्द लिहिले. एमआयएन मिनिटासाठी राखून ठेवायचा तर दुसऱ्या अर्थाने जागा सोडायलाच हवी होती.

डिझाइनच्या भागात ५′ आणि ३०″ अशी उभ्या रेघांची चिन्हेही होती. लिहिणाऱ्याला पाच मिनिटे आणि तीस सेकंद म्हणायचे होते. पण ही चिन्हे कोनाच्या मिनिट-सेकंदांची आहेत, आणि पाइपच्या दुनियेत तर ती फूट आणि इंच म्हणून रोज वापरली जातात. त्याच पानावर १″ पाइप होता. ती सगळी काढली.

महिना किती दिवसांचा

महिन्याला चिन्ह का नाही, याचे उत्तर या प्रकरणात अगदी प्रत्यक्ष समोर आले. तीन महिने म्हणजे किती? कोणत्या तारखेपासून मोजता त्यावर ते ८९ ते ९२ दिवस भरतात. कंट्रोलरमधला मोजणीचा प्रोग्राम मात्र ९० दिवस धरत होता, प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचा, म्हणजे ७७,७६,००० सेकंद. फिल्टर तपासण्यासाठी मॅन्युअल म्हणत होते तीन महिने, पडद्यावरची सूचना येत होती ९० दिवसांनी. फिल्टर तपासायला दोन दिवस इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. पण नोंदवहीत लिहिलेली तारीख आणि पडद्याची तारीख जुळली नाही की वापरणारा कोणावर विश्वास ठेवायचा या विचारात पडतो. संक्षेप सोडवता सोडवता लक्षात आले की खालचा निर्णयच झालेला नव्हता. ‘३ एम’ या धूसर रूपाआड दोन विभागांची दोन मते बिनबोभाट राहत होती. सर्व्हिस विभागाशी बोलून ९० दिवस ठरले, आणि पुस्तकातही तेच आले.

वर्षाचेही तसेच. खगोलशास्त्रात ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचे, म्हणजे नेमके ३,१५,५७,६०० सेकंदांचे धरतात. भूशास्त्रात वर्षासाठी ‘ए’ हे चिन्ह चालते आणि त्यावरून दशलक्ष वर्षांसाठी कॅपिटल एम आणि स्मॉल ए. ज्या क्षेत्रात ही चिन्हे रुळली आहेत तिथे ती योग्य. पंपाच्या मॅन्युअलमध्ये ‘२ ए’ म्हणजे दोन वर्षे असे कोणी वाचणार नाही. कॅपिटल असेल तर दोन अँपिअर वाचेल. म्हणून आमचा नियम ठरला: सेकंद, मिनिट, तास यांना तक्त्यात चिन्ह, दिवस, आठवडा, महिना, वर्ष नेहमी पूर्ण शब्दात. दिवसाला एसआयमध्ये डी हे चिन्ह असूनही आम्ही ते घेतले नाही.

यावर मतभेद झाला. चिन्ह मान्य असताना ते का टाळायचे? माझे उत्तर औषधांच्या क्षेत्राकडे बोट दाखवणारे होते. चिठ्ठीवर ‘तीन डी’ लिहिले की ते तीन दिवस की तीन डोस हा गोंधळ तिथे नोंदलेला आहे. रोज एकदा या अर्थाचा क्यूडी आणि एक दिवसाआड या अर्थाचा क्यूओडी हे अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेच्या ‘वापरू नका’ यादीत २००४ पासून आहेत, कारण हस्ताक्षरात ते एकमेकांसारखे दिसतात. तिथे दोन-चार अक्षरे वाचवण्याची किंमत रोग्याने मोजायची असते. आमच्या तक्त्यातही ‘डी’ने एका शब्दाची जागा वाचत होती, इतकेच. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीतही तास, मिनिट, सेकंद यांचे संक्षेप चालतात, पण दिवस, आठवडा, महिना, वर्ष हे आकड्यासोबतही पूर्णच लिहायचे असतात. त्या शैलीत तासासाठी एचआर आहे, एच नाही. तिथे लिहिणाऱ्याने तिथलेच पाळावे. आमच्या पुस्तकात तासांसोबत लिटर, पास्कल, सिमेन्स यांची एसआय पुस्तिकेतली चिन्हे भरलेली होती, म्हणून तासानेही त्याच कुटुंबातले रूप घेणे सयुक्तिक होते.

चालू वाक्यांत मात्र आम्ही सगळीच एकके पूर्ण शब्दात ठेवली. ‘पाच मिनिटे थांबा’ ही सूचना कोणीतरी यंत्राशेजारी उभे राहून मोठ्याने वाचणार असते. चिन्हे तक्त्यांत, आकृत्यांत आणि जिथे आकडे दाटीने येतात तिथे.

१.३० तास

चालण्याच्या तासांची नोंदवही मॅन्युअलच्या शेवटी जोडलेली होती आणि भरून दाखवलेल्या नमुन्यात १.३० एचआर, २.४५ एचआर असे आकडे होते. लिहिणाऱ्याला दीड तास आणि पावणेतीन तास म्हणायचे होते. पण दशांश चिन्हानंतरचा भाग शंभरातला असतो, साठातला नाही. १.३० तास म्हणजे एक तास अठरा मिनिटे. नमुन्यातल्या या दोन नोंदींची बेरीज कॅल्क्युलेटरवर ३.७५ येते, म्हणजे पावणेचार तास. खरे चालणे सव्वाचार तासांचे. दोनच नोंदींत अर्धा तास हरवला. ५०० तासांनी तेल बदलायचे असेल तर ही चूक दर वेळी एकाच दिशेला साचत जाते आणि तेल उशिरा बदलले जाते. संपूर्ण पुस्तकातला मला सर्वांत गंभीर वाटलेला दोष हाच, कारण तो कोणालाच खटकत नाही. नोंदवहीत तास आणि मिनिटे असे दोन वेगळे रकाने केले. तक्त्यांत ‘१ एच ३० एमआयएन’. मध्ये स्वल्पविराम नाही, ‘आणि’ नाही. एका मापात दोन एकके एसआय सहसा येऊ देत नाही, पण वेळ आणि कोन यांना ती सवलत आहे. दशांशच हवा असेल तर १.५ एच.

घड्याळातल्या वेळेचा निर्णय लगेच झाला: चोवीस तासांची पद्धत. बारा एएम म्हणजे मध्यरात्र की दुपार हा प्रश्न त्याने उद्भवतच नाही.

जिथे नियम चालला नाही

सर्व्हिस विभागाचा आग्रह एचआरएससाठी होता. आधी विकलेल्या यंत्रांवरच्या स्टिकरवर तेच आहे, टेक्निशियनांच्या डोळ्यांना तेच सवयीचे. हा मुद्दा हलका नाही. एचआरएस वाचून कोणाची गफलत होत नाही. तो अमान्य आहे, धोकादायक नाही. म्हणून जुन्या स्टिकरांच्या चित्रांना हात लावला नाही, नव्या मजकुरात एच ठेवला, आणि ‘एकके’ या पानावर दोन्ही एकच असल्याचे लिहिले.

कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर ‘९० दिवस’ पूर्ण बसत नव्हते. प्रोग्रामरांनी पुन्हा एका अक्षराचा संक्षेप सुचवला. त्याऐवजी पडद्यावर पुढच्या तपासणीची तारीखच दाखवायची असे ठरले, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, या क्रमाने. वापरणाऱ्याला तारीखच हवी असते, मुदत नाही.

सर्वांत हट्टी निघाली ती सेटिंगची फाइल. तिथे थांब्याची वेळ लिहिताना प्रोग्राम मिनिटासाठी फक्त ‘एम’ स्वीकारत होता. एमआयएन लिहिले तर फाइल नाकारत होता. संगणकाच्या जगात या अक्षराचा काही भरवसा नाही. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडी या प्रणालीत स्मॉल एम म्हणजे मिनिट आणि कॅपिटल एम म्हणजे महिना. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तारीख-वेळ छापताना टक्क्याच्या खुणेपुढे स्मॉल एम लिहिला तर महिना, कॅपिटल लिहिला तर मिनिट, बरोबर उलटे. आणि कालावधी लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या मानकात दोन्हींसाठी कॅपिटल एमच आहे, फक्त आधी टी आला तर मिनिट (इथली सगळी अक्षरे कॅपिटल): ‘पी३एम’ म्हणजे तीन महिने, ‘पीटी३एम’ म्हणजे तीन मिनिटे.

इथे आमचा नियम चालवायचा प्रश्नच नव्हता. फाइलमध्ये जे टाइप करायचे तेच अक्षरशः पुस्तकात छापले पाहिजे. संपादकाने तिथे शैली लावली तर वाचकाचे यंत्र चालणार नाही. म्हणून फाइलमधल्या ओळी टाइपरायटरसारख्या वेगळ्या फॉन्टमध्ये, चौकटीत, जशाच्या तशा ठेवल्या. आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये जागाही सोडली नाही, कारण प्रोग्रामला ती चालत नव्हती. चौकटीबाहेर प्रत्येक ओळीसमोर त्या वेळेचा अर्थ पूर्ण इंग्रजी शब्दात दिला. पुढच्या आवृत्तीत प्रोग्रामने एमआयएनही स्वीकारावा आणि जुना एमही चालू ठेवावा, अशी मागणी प्रोग्रामरांकडे नोंदवली आहे.

दुरुस्त मसुदा त्याच टेक्निशियनला न देता दुसऱ्याला दिला, कारण पहिल्याला उत्तर आधीच माहीत होते. बंद राहिलेल्या पंपाच्या ओळीवर तो थांबला नाही. ९० दिवस म्हटल्यावर त्याने नोंदवही उघडून पंप शेवटचा कधी चालला ती तारीख पाहिली. तो थांबला दुसऱ्याच ठिकाणी: वीजवापराच्या तक्त्यात किलोवॉट आणि तास यांच्यामध्ये भागाकाराची तिरकी रेघ राहून गेली होती. तिथे गुणाकार असतो, किलोवॉट गुणिले तास. ती रेघ काढून मसुदा छपाईला गेला.